मोरेआहून आलेलं कोरं कार्ड

आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी डाक दुपारी यायची. मे महिन्यात त्या वेळेला गल्लीत चिटपाखरू नसतं. दारं लावलेली, खिडक्यांवर ओल्या चादरी, कूलरची घरघर, आणि बाहेर नुसतं पांढरं ऊन. मी स्वयंपाकघरात कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळत बसले होते. दाराखालून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बाहेरच्या खोलीत ताई आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्या, हे मला चपलांच्या आवाजावरून कळलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. इतका वेळ, की मीच तसेच बरबटलेले हात घेऊन बाहेर गेले.

ताई म्हणजे माझी नणंद, यांची मोठी बहीण. त्यांचं थोडं आधी सांगावं लागेल, नाहीतर त्या कार्डात एवढं काय होतं ते कळायचं नाही.

ताईंचे यजमान रेल्वेत बाबू होते. आम्ही सगळे त्यांना जावईबापू म्हणायचो. रेल्वेचा पास, आणि रायपूरहून विशाखापट्टणमला सरळ गाडी, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ऑफिसातल्या लोकांबरोबर समुद्र पाहून आले. आमच्याकडे समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. सगळ्यांनी विचारलं, कसा असतो? तर म्हणाले, "तिथं उभं राहिलं की पाठीमागचं काही आठवत नाही." आम्ही हसलो. पुढे दरवर्षी चार दिवसांची रजा टाकून एकटेच जायला लागले. चौथ्या वर्षी गेले ते आलेच नाहीत. लॉजमध्ये पिशवी सापडली, खाटेखाली चपला नीट जोडीनं लावून ठेवलेल्या. यांनी आणि मामंजींनी पंधरा दिवस तिथे शोध घेतला. कोणी म्हणे बुडाले. बंदरावरचा एक चहावाला म्हणाला, अशा अंगानं बारीक एक माणूस बोटीवर कामाला चढताना पाहिला. बोट कुठली? त्याला नाव सांगता येईना. प्रेत नाही, पत्र नाही. ताई माहेरी आल्या आणि माहेरीच राहिल्या. तीस वर्षं.

त्या कुंकू लावायच्या, मंगळसूत्र घालायच्या. पण घरात काही मंगल असलं की आपणहून मागे सरकायच्या. त्यांना तसं कोणी म्हटलं नव्हतं. बारशाला पाळण्याशी जाणार नाहीत, कोणाची ओटी भरणार नाहीत, हळदीच्या वेळी तर स्वयंपाकघरातून बाहेरच यायच्या नाहीत. सवाष्ण म्हणावं तर नवरा कुठे? विधवा म्हणावं तर गेला हे कोण सांगणार? अशा त्या दोन्हीच्या मधल्या उंबऱ्यावर बसून होत्या. माझी मुलगी झाली तेव्हा मी सहा महिने अंथरुणाला होते. पोर त्यांच्याच मांडीवर वाढली. माझ्याकडे त्यांनी जन्मात एकच गोष्ट मागितली. पोर दहावीत असताना, तिची वेणी घालता घालता मला म्हणाल्या, "वयनी, इच्या हळदीले तरी मले हात लावू द्यान ना?"

मी म्हटलं, "अवो, तुमच्याशिवाय कोण लावंल?"

म्हणायला काय जातं.

मग नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळहून साहेबलोकांच्या झुंडी इकडे आल्या. तेलीबांध्याकडे नवी घरं उठली. तिथल्याच एका भोपाळहून आलेल्या मराठी घरात आमच्या पोरीचं जमलं. मुलगा मंत्रालयात. विहीणबाई बोलायला फार गोड, साखरेचं पाणी. दुसऱ्या भेटीतच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत्याबाईंचं काय आहे ते एकदा मिटवून घ्या ना. सवाष्ण म्हणून पानावर बसवायचं की नाही, आम्हाला काही समजत नाही. असं अधांतरी माणूस घरात असलं की लग्नकार्याला बरं नसतं."

मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, हाडांच्या मापानं तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला रीतसर अग्नी देतात. मग तो माणूस गेला असं धरायचं. खरं तर अठरा वर्षांपूर्वीच व्हायला पाहिजे होतं. सासूबाई होत्या तोवर कोणाची हिंमत झाली नव्हती.

मी लगेच हो म्हटलं. हे लिहायला हात जड होतो, पण हो मीच म्हटलं. पुतळा जाळला की ताई विधवा होणार, आणि विधवेला हळदीला हात लावता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पोरीचं ठरलेलं लग्न हातचं जाऊ नये, यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं. यांनी ताईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करा."

त्यानंतर आठच दिवसांनी हे कार्ड आलं.

मी बाहेर आले तर ताई दाराशी उभ्या, हातात ते कार्ड. मी मान लांब करून पाहिलं आणि खरं सांगते, कैऱ्या विसरले. इतका निळा रंग मी कधी पाहिला नव्हता. मोरपिसाच्या मधल्या डोळ्यात असतो ना, तो निळा, आणि कडेला हिरवट होत होत काठाशी अगदी काचेसारखा. त्या पाण्याच्या मधोमध काळे डोंगर, सुळक्यांचे, दात वर केल्यासारखे, अंगावर दाट हिरवं रान, आणि सगळ्यात उंच सुळक्याला एक ढग अडकलेला. काठावर माडांची रांग. माणूस एकही नाही. बोट नाही, घर नाही. इतकं सुंदर आणि इतकं रिकामं, की कोणीतरी आत्ताच तिथून उठून गेलंय असं वाटत होतं.

मागची बाजू कोरी. उजवीकडे इंग्रजी मोठ्या अक्षरांत आमचा पत्ता, तात्यापारा, रायपूर, आणि पुढे एम. पी. मध्य प्रदेश. म्हणजे पाठवणाऱ्याला आमचं राज्य बदललेलं माहीत नव्हतं. शिक्का पुसट, तारीख लागत नव्हती. तिकिटावर एक पांढरं फूल.

"कोणाचं वो ताई?"

"हे त्याइचं अक्षर नाही," ताई म्हणाल्या.

मी कोणाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

कार्डाच्या कडा ओलसर होत्या. आमच्या मे महिन्यात घातलेले पापड तासाभरात कडक होतात, तिथे पुठ्ठा ओला? मी बोट लावलं, जिभेला लावलं. खारट. आता माझ्या हाताला कैरीचं मीठ होतंच. पण ओल कशाची होती ते मला आजही सांगता येत नाही.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, छत्तीसगढीच होते, शाळेत भूगोल शिकवलेला. संध्याकाळी यांनी कार्ड त्यांच्याकडे नेलं, मागोमाग मी आणि ताई. मास्तरांनी भिंग काढलं, नकाशा काढला, आणि पाच मिनिटं नुसतं "हव... हव...", म्हणजे हो-हो, करत राहिले.

"भैया, ये तो बहुत दूर की चीज है," यांना म्हणाले. "कोने में बारीक नाम छपा है, मोरेआ. ताहिती के पास. पॉलिनेशिया बोलते हैं. राज फ्रांस का चलता है वहाँ."

नकाशात ते बेट दिसतच नव्हतं. नुसता निळा कागद, त्यावर मास्तरांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं, तेवढंच बेट. ते समजावून सांगत होते, की हा विझलेला ज्वालामुखी आहे, अर्धा डोंगर कधीच समुद्रात गेला, उरला तो हा. बेटाभोवती पोवळ्याचं कडं असतं, मोठी लाट त्या कड्यावरच फुटते, आत पाणी तळ्यासारखं निपचित. बाहेर सारखी गाज, आत आवाज नाही. आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "और एक मजे की बात. अभी यहाँ शाम के छह बज रहे हैं ना? वहाँ अभी आज चालू हुए ढाई घंटा हुआ है. दोपहर में तो वहाँ कल ही चल रहा था."

"म्हंजे?" ताईंनी विचारलं.

"मतलब जब हमारे यहाँ दोपहर है, वहाँ पिछले दिन की रात है, दीदी."

हे म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, कोणा तरी हिंडणाऱ्यानं चुकून टाकलं असंल." मास्तरही म्हणाले, हव, वैसा ही होगा. चुकून. आमच्या गल्लीचा, आमच्या घराचा पत्ता, चुकून. आम्ही चौघंही कार्डाकडे पाहत राहिलो आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

ताईंनी कार्ड तांदळाच्या कोठीवर भिंतीला टेकवून ठेवलं. आता रायपूरची धूळ ज्याला माहीत आहे त्यालाच हे कळेल. हे सिलतऱ्याला कारखान्याच्या ऑफिसात होते, तिकडच्या लोखंडाच्या भट्ट्यांची काळी भुकटी यांच्या कपड्यांवर यायचीच, आणि वाऱ्यानं शहरभर पसरायची. सकाळी पुसलेली कोठी संध्याकाळी काळी. बोट फिरवलं की रेघ उठायची. कोठी काळी, बरणी काळी, देवाच्या तसबिरीची काचसुद्धा. कार्ड मात्र जसंच्या तसं. मला वाटलं ताई पुसत असतील. विचारलं तर म्हणाल्या, "मी नाही लावला हात. मले वाटलं तुम्ही पुसता."

रोज जेवणं झाली की त्या कोठीसमोर पाट घेऊन बसायच्या. दुपारचा वेळ, मी भांडी घासते आहे, कूलर चालू, आणि ताई त्या कार्डाकडे पाहताहेत. पोरगी चिडवायची. "आत्या, पिक्चर कितने बजे खतम होगा?"

ताई हसायच्या. "अवं, अजून सुरू नाही झाला."

एक दिवस माझ्याशी बोलल्यासारखं बोलायला लागल्या. "या डोंगराच्या मागं वस्ती आहे, वयनी. लाल छपराचं देऊळ आहे, पण त्याले कळस नाही. अन् मागच्या अंगाले एक डोंगर आहे, त्याच्या टोकाले आरपार भोक आहे. सुईले नेढं असते ना, तसं. त्यातून आभाळ दिसते."

"ताई, कार्डात कुठं आहे हे?"

"समोरून नाही दिसत."

मी ते हसण्यावारी नेलं. ताईंचं मन जावईबापूंना जाळायच्या कल्पनेनं हललं असेल, हे मला समजत होतं, आणि त्यात माझा हात होता म्हणून मी जास्त खोलात जात नव्हते. पण चार दिवसांनी मास्तर कुठल्या तरी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. मोठ्या उत्साहानं. "भाभीजी, देखिए, आपका मोरेआ!" त्यात त्या बेटाचे तीन-चार फोटो होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. तिसऱ्या फोटोत एक काळा सुळका, आणि त्याच्या टोकाजवळ पांढरा ठिपका. मला वाटलं कागदाला डाग पडलाय. नखानं खरवडला.

"डाग नहीं है," मास्तर म्हणाले. "छेद है. आरपार. वहाँ के लोग कहते हैं, चोर रात में पहाड़ उठाकर ले जा रहे थे, तो दूसरे टापू से किसी वीर ने भाला फेंका. इधर से घुसा, उधर से निकला."

माझ्या अंगावर काटा आला, तो उन्हाळ्यात आलेला काटा मला आजही दंडावर जाणवतो. ताई नागपूरच्या पलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं. लाल छपराचं देऊळ त्या पुस्तकात नव्हतं. नव्हतं तेच बरं झालं.

मास्तर गेल्यावर मी त्यांना विचारलं, "ताई, खरं सांगा, तुमाले कसं कळलं?"

"रोज पाहून राहिली ना. पाहत बसलं की दिसते."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "तिथं... कोणी दिसते काय?"

ताईंनी जरा विचार केला, जणू मी भाजीत मीठ किती असं विचारलं होतं. "एक आहे. पाठमोरा."

विधीचा दिवस ठरला होता तो ठरलाच होता. पत्रावळी विकायला येणाऱ्या बाईला सांगून पळसाची पानं मागवली. ती म्हणाली, परसा पान, म्हणजे पळसाचं पान, आहे तर द्रोण बनवून देऊ का? तिला काय सांगणार. आदल्या दिवशी गुरुजी येऊन काड्यांचा सांगाडा बांधून गेले आणि पानं कशी बांधायची ते दाखवून गेले. आम्ही करू असं यांनी म्हटलं, पण ताई खाली बसल्या आणि एकेक पान स्वतः बांधायला लागल्या. मी पानं मोजून हातात देत होते. दुपार होती. छातीशी आल्यावर थांबल्या.

"एवढे रुंद नव्हते खांदे," म्हणाल्या, आणि सहा-सात पानं काढून टाकली.

मग म्हणाल्या, "वयनी, उद्या सकाळी नवाले अग्नी देणार ना? मास्तरनं सांगितलं तसं, तिथं तवा काल संध्याकाळ असंल. म्हंजे इथं आपण जाळून राहिलो अन् तिथं तो अजून कालच्यात बसला आहे. मंग त्याची तिथी कोणती धरायची? आजची, का कालची?"

मी म्हटलं, गुरुजींना विचारू. संध्याकाळी गुरुजींना विचारलंसुद्धा. ते बिचारे पंचांग उघडून बसले, दोनदा चष्मा पुसला, आणि शेवटी म्हणाले, "बाई, पंचांग इथलं आहे. तिथलं मला नाही माहीत."

पण मी त्याच दुपारबद्दल सांगत होते. पुतळा पुरा झाला, पानं वाळू नयेत म्हणून त्यावर ओली चादर घातली आणि ओसरीच्या खोलीत ठेवला. कूलर तिथेच. मी पाणी प्यायला उठले आणि दारातच थबकले. चादर छातीपाशी वर येत होती आणि खाली जात होती. सावकाश. पुन्हा वर. कूलरचा वारा, आणखी काय? मी जाऊन कूलर बंद केला. चादर दोनदा हलली आणि मग थांबली. दोनदा का, एकदा का नाही, असं माझं मलाच वाटत राहिलं. मी कूलर परत लावला. चालू असलेलं बरं वाटलं.

सकाळी महादेव घाटावर गेलो. बायकांनी यायचं नसतं असं गुरुजी म्हणाले. ताई रिक्षात जाऊन बसल्या. "माह्या नवऱ्याले जाळता अन् मीच घरी बसू?" मग मीही बसले. मास्तरही आले, ते यांच्या मदतीला. जावईबापूंच्या घरचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून अग्नी यांनीच द्यायचा होता.

मे महिन्यात आमची खारून नदी वाहत नाही. पायऱ्यांशी हिरवट पाणी साचून उभं असतं, पान टाकलं तर दुपारपर्यंत तिथेच. वारा होता तो नदीकडून आमच्या तोंडावर, गरम. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला सरण रचलं, छोटंसंच. यांनी अग्नी दिला. पळसाची पानं पेटताना तडतड आवाज येतो, पोहे भाजल्यासारखा. ताई माझा हात धरून उभ्या होत्या, त्यांचा हात गार होता. त्या उन्हात गार.

आधी मान जळाली. दर्भाचीच ती, भुर्रकन गेली. आणि नारळ सुटला. सरणावरून घरंगळला, पायरीवर धप्प आपटला, पुढची पायरी, पुढची पायरी, धुराची शेंडी उडवत. गुरुजी ओरडले, "धरा, धरा!" हे धावले, मास्तर धावले, दोघांनीही हात आखडले, कारण नारळ पेटलेला. तो पाण्यात गेला, चर्र झालं, बुडाला. आणि वर आला.

मग चालायला लागला.

मी जे पाहिलं ते लिहिते आहे. वारा आमच्या तोंडावर होता आणि पाणी उभं होतं. नारळ घाटापासून दूर चालला, सरळ, घाई नाही. हे गुडघाभर पाण्यात गेले, मग कमरेइतक्या. हात लांब केला की तो तेवढाच पुढे. गुरुजी वरून मंत्र थांबवून पाहत होते. शेवटी नारळ पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांमागे गेला आणि दिसेनासा झाला.

मास्तर हळूच म्हणाले, "खारून शिवनाथ में जाती है. शिवनाथ महानदी में. महानदी..."

"मास्तर," हे पाण्यातूनच ओरडले, "आता चूप बसा!"

गुरुजी खाली आले. कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "शिराशिवाय विधी होत नाही. दुकानातून दुसरा नारळ आणा, नव्यानं ठेवू, अर्ध्या तासाचं काम." हे ओलेचिंब, माझ्याकडे पाहायला लागले. कारण सगळं मी सुरू केलं होतं, तर हो-नाही मीच म्हणणार. ताई कोणाकडेच पाहत नव्हत्या. त्यांची नजर त्या झुडपांवर.

"नाही," मी म्हटलं.

"वहिनी, अर्धवट राहील हे," गुरुजी म्हणाले.

"राहू द्या. तीस वर्षं अर्धवटच आहे ना."

लोक नंतर म्हणाले, काय मोठं मन केलं. मन कसलं? मी भ्याले होते. दुसरा नारळ ठेवला आणि तोही चालला तर? आणि त्याहून मोठी भीती ही, की तो नाही चालला तर. तिथे जो कोणी पाठमोरा होता, तो आमच्या हातानं जळेल, आणि ताई माझा हात सोडतील.

दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून एकटी तेलीबांध्याला गेले. विहीणबाईंना सगळं सांगितलं, नारळासकट. त्यांनी चहा ठेवला, बिस्किटं ठेवली, आणि विचारलं, "मग आता सवाष्ण समजायचं की काय समजायचं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. माह्या पोट्टीले हळद पहिले त्याच लावतील."

"आणि उद्या माझ्या मुलाला काही झालं तर?"

त्यांचा आवाज तेव्हा गोड नव्हता. खरा होता. मी म्हटलं, "तुम्हीच या हळदीले. डोळ्यांनी पाहा. नाही पटलं तर तिथंच सांगा, मी मोडून टाकीन." पोरीनं तर आधीच मुलाला फोनवर सांगून टाकलं होतं. "आत्या हल्दी नहीं लगाएँगी तो मैं बैठूँगी ही नहीं. तुम अपनी मम्मी को समझा लो." आजकालची पोट्टी. मी तिला रागावले आणि आत जाऊन रडले.

हळदीच्या दिवशी सकाळी दहाला घरात आम्ही बारा बायका होतो. बाहेर मांडववाला बांबू बांधत होता. पोरगी पाटावर. विहीणबाई आल्या होत्या, भारी साडी नेसून, आणि समोरच बसल्या. ताई स्वयंपाकघरात. मी हाताला धरून बाहेर आणलं. हिरवी साडी मीच नेसवली होती, बांगड्याही. त्या हळदीच्या वाटीशी बसल्या, पण हात मांडीतच. तीस वर्षांची सवय.

तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, अगदी नरम आवाजात, "सवाष्ण आहेत ना? मग आधी नाव घेऊ द्या. आमच्याकडे हळद लावताना नाव घेतात."

नाव तर आमच्याकडेही घेतात. पण ताईंनी तीस वर्षांत जावईबापूंचं नाव उच्चारलं नव्हतं. आम्हीही घरात घेत नव्हतो. हळदीला आलेली माझी जाऊ मला ढोसायला लागली, सांभाळ, सांभाळ. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तर ताईंनी मान वर केली. उखाणा नाही, यमक नाही, काही जुळवलं नाही. नुसतं नाव घेतलं. घराच्या आतल्या माणसाला बाहेरून हाक मारावी तसं, स्पष्ट, जरा ओढून. ते नाव मी इथे लिहीत नाही.

आणि ओसरीतून आवाज आला, "ओ."

पुरुषाचा. जवळून. काम करता करता कोणी साद द्यावी तसा.

बाराही जणींनी ऐकला. पोरीनं माझा पदर घट्ट धरला. मी उठून ओसरीत गेले. कोणी नव्हतं. ऊन फरशीवर पडलेलं, चपलांचे जोड आमचेच. मांडववाला वर बांबूवर बसलेला. मी त्याला विचारलं, "भैया, आपने कुछ बोला क्या?" त्यानं मान हलवली, मग तोंडातली सुतळी हातात काढून म्हणाला, "मुँह में तो सुतली है, दीदी. मैं क्या बोलूँगा?"

मी आत आले. विहीणबाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यांनी हळदीची वाटी स्वतःच्या हातानं उचलली आणि ताईंपुढे सरकवली. "लावा," म्हणाल्या, "लावा ना, ताई."

सगळ्या दाराकडे पाहत होत्या. ताईंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. पदर खोचला, दोन्ही हात वाटीत मनगटापर्यंत बुडवले, आणि पोरीचं तोंड ओंजळीत धरलं.